हँडलवरची टोपी

२०२२ साली, सुरक्षा सप्ताहातल्या सोमवारी, वीज कंपनीच्या साहेबांनी हँडलवर टांगलेली लाइनमनची पिवळी सुरक्षा-टोपी काढली आणि जीपमध्ये फेकली.

कुंभारीच्या रस्त्याकडेला, खांबाच्या बुडाशी सरकारी वीज कंपनीचं ते हँडल होतं. ओढलं की शेतातली लाइन बंद, ढकललं की चालू. शेजारीच काशम्माची चहाची टपरी. तिचा नवरा याच लाइनवर कायम नोकरीत होता. लाइन बंद केली की तो आपली टोपी हँडलवर टांगायचा आणि मगच खांबावर चढायचा. ज्याची टोपी त्यानेच काढायची, तोवर हँडलला कुणी हात लावायचा नाही, हे लाइनवरच्या सगळ्या गँगला ठाऊक होतं. सणासुदीला ती गँग तिच्याच घरी जेवायची. आता गँगच उरली नव्हती. लाइन एका ठेकेदाराकडे, हँडल दुसऱ्याकडे. माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. लाइनवरच्या मायाप्पाला टोपीची रीत काशम्मानेच शिकवली होती.

"अवो सायेब, ठेवा ती. मानूस खांबावर हाय."

साहेबांनी वर पाहिलं. "कुठाय?"

"हितं न्हाय. फुडं, उसाच्या पल्याड."

"मग त्याच्या डोक्यावर काय आहे? टोपी डोक्यात घालायला दिलीय, आजी. तुम्ही चहाचं बघा."

जीप गेली. काशम्मा त्या धुळीत थुंकली आणि हँडलला पाठ लावून उभी राहिली.

थोड्या वेळाने दुसऱ्या ठेकेदाराचा नंदीश मोटारसायकलवरून आला. "सरका की आजी. लाइन चालू करा म्हणून फोन आलाय."

"तिकडं मायाप्पा चढलाय. आदी मला जाळ, मग लाइन चालू कर."

नंदीश हसला, चिडला, शेवटी दगडावर बसला. शेगडीवरचं दूध उतू गेलं. उसातून बोडक्या डोक्याचा मायाप्पा येताना दिसला, तेव्हाच काशम्मा हलली.

टोपी न घालता खांबावर चढला म्हणून मायाप्पाला कामावरून काढलं. तो आता गावाकडे मेंढरं राखतो. कामात अडथळा आणला म्हणून काशम्माची टपरी उचलली. ती अक्कलकोटला लेकीकडे असते. साहेबांना सुरक्षेचं बक्षीस मिळालं आणि बढतीही. नंदीश तिथेच आहे. हँडलवर टोपी दिसली तर तो आता हात लावत नाही.

मायाप्पाच्या जागी गुरुबसप्पा आला. त्याला नियम नीट समजावून सांगितला होता. पुढच्या उन्हाळ्यात नंदीशला लाइन चालू करायचा फोन आला तेव्हा हँडल मोकळं होतं. गुरुबसप्पाचं प्रेत खांबावरून उतरवलं, तेव्हा टोपी त्याच्या डोक्यावरच होती.