पहिल्या किकला

रोज सकाळी किक मारून मारून माझा जीव अर्धा व्हायचा, तेव्हा कुठे माझी सेकंडहँड स्कूटर सुरू व्हायची. तोवर तिच्या खोकण्याने अख्खी बिल्डिंग जागी झालेली असायची. वरच्या मजल्यावरचे काका तर रोज गॅलरीत येऊन माझा उद्धार करायचे.

शेवटी मेकॅनिक गाठला. त्याने काळाठिक्कर स्पार्क प्लग काढून माझ्या नाकासमोर धरला.

"हा कधी बदललाय?"

"विकणारा म्हणाला, नवाच आहे."

"मग काय, जुना आहे म्हणेल? अहो, वापरलेली गाडी घेतली की आधी प्लग बदलायचा आणि पुढचा कधी बदलायचा ते कळायला तिथून किलोमीटर मोजायचे!"

दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. ना खोकणं, ना काकांची शिवी. मी शीळ घालत ऑफिसला गेलो. म्हटलं, आज काका पाठ थोपटणार.

संध्याकाळी काका गेटवरच उभे होते आणि त्यांच्यामागे तोंडं पाडून सगळी बिल्डिंग.



"आज एकालाही जाग आली नाही रे! पोरांची शाळा बुडाली, माझी गाडी चुकली... तो जुना प्लग फेकला तर नाहीस ना?"