अनुमोदक

"घटक चार गाळण्यात यावा," अध्यक्ष काळभोर सरांनी ठराव वाचला आणि त्याच सुरात पुढे म्हणाले, "सूचक मी. अनुमोदक शबनम तांबोळी. पुढचा विषय."

"सर, घटक चार मी लिहिलाय," शबनम म्हणाली.

"म्हणूनच. तुमच्याइतका बारकाईने तो दुसऱ्या कुणी वाचलेला नाही."

कर्वेनगरातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्राच्या अभ्यासमंडळाची बैठक चालू होती. विषय होता नागरिकत्वाचा नवा अभ्यासक्रम. घटक एक संविधान, दोन कर्तव्ये, तीन मतदान. चौथ्याचं नाव 'असहमती : हक्क आणि रीत'. त्यात प्रात्यक्षिक होतं. प्रत्येक विद्यार्थ्याने न पटलेल्या गोष्टीबद्दल एक सभ्य पत्र लिहायचं. यंदा बहुतेकांनी कँटीनच्या उपम्याबद्दल लिहिलं. पायल नावाच्या एका मुलीने मात्र काळभोर सरांच्या तासाबद्दल लिहिलं. सविनय, मुद्देसूद. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे सरांना जास्त लागलं होतं.

"पण सर, अनुमोदक मीच का?"

"मंडळावर नवीन येतो तो अनुमोदक. प्रथा आहे. मीसुद्धा होतो."

"तेव्हा कशाकशाला अनुमोदन दिलंत?"

"आठवत नाही. म्हणून तर प्रथा टिकली." सरांनी बिस्किट कॉफीत बुडवलं. "असहमतीला माझा विरोध नाही हो. पण तास मोजके. वाहतूक सुरक्षा कुठे बसवायची?"

"पुण्यात दोन्ही एकाच घटकात बसते, सर," वानखेडे सर म्हणाले. ते मूळचे अकोल्याचे, वारज्याच्या कॉलेजात शिकवत आणि रोज दुचाकीवरून येत.

कुणी हसलं नाही. ते खरं होतं.

"माझं नाव काढा, सर," शबनम म्हणाली.

काळभोर सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तांबोळी मॅडम, तुम्ही तासिका तत्त्वावर ना? जूनमध्ये नेमणुकीचं पत्र निघायचंय तुमचं?"

"हो."

"सही माझीच लागते बहुतेक. सहज आठवलं."

शबनमने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"नाव काढा, सर."

"काढतो की. त्यात काय एवढं! पटवर्धन मॅडम, तुमचं घालू?"

पटवर्धन मॅडम मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ. "माझा पाठिंबा आहेच," त्या म्हणाल्या, "अगदी मनापासून. फक्त नाव नको. असहमतीवर माझं पुस्तक आहे ना. दुसरी आवृत्ती येतेय."

"वानखेडे?"

"मी उशिरा आलो जी. मला विषयच समजला नाही."

"आत्ता विनोद केलात तो?"

"तो वाहतुकीवर होता."

सरांनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे कार्यालयातले वैजनाथ लॅपटॉपवर इतिवृत्त टाइप करत होते. "मी सदस्य नाही, सर," ते न विचारताच म्हणाले. "आणि इतिवृत्त आता वेबसाइटवर जातं. नावासकट. पोरं वाचतात."

"वर्गात काही वाचत नाहीत ती," सर म्हणाले.

अनुमोदक नसेल तर ठराव पडतो, हा नियम मंडळात काळभोर सरांनीच आणला होता. दुसऱ्या कुणाचा तरी ठराव पाडायला.

"ठीक आहे," अखेर ते म्हणाले. "वैजनाथ, लिहा. घटक चार सर्वानुमते कायम."

पटवर्धन मॅडम शबनमच्या कानाशी वाकल्या. "जिंकलात की हो. आता कॉफी घ्या गुपचूप."

शबनमने कॉफी घेतली नाही. "सर, सर्वानुमते कसं? तुमचा तर विरोध होता."

"होता. अजून आहे."

"मग तसं लिहायला हवं."

"अहो, एकट्याच्या विरोधाने काय होतंय? कशाला लिहायचा?"

"घटक चार त्यावरच आहे, सर."

कॉफीत बिस्किटाचा भिजलेला तुकडा पडला होता, तो काळभोर सरांनी चमच्याने शोधला, सापडला नाही. इतकी वर्षं ते अध्यक्ष होते आणि इतकी वर्षं सगळं सर्वानुमते होत आलं होतं. आपलं वेगळं मत कुठे लिहून ठेवावं असं आजवर कुणी त्यांना सुचवलं नव्हतं.

"लिहा मग," ते वैजनाथांना म्हणाले. "घटक चार कायम. त्यास अध्यक्षांची असहमती." मग घसा साफ करून, "'तीव्र' लिहा आधी. तीव्र असहमती."

वैजनाथांनी टाइप केलं आणि ते थांबले. "'असहमती'तली शेवटची वेलांटी पहिली की दुसरी?"

"दुसरी," पटवर्धन मॅडम म्हणाल्या. "माझ्या मुखपृष्ठावर आहे."

"झालं?"

"नाही, सर. हा रकाना रिकामा ठेवला तर नोंद पुढे जातच नाही." वैजनाथांनी पडदा सरांकडे वळवला. "तुमच्या असहमतीला अनुमोदक कोण?"

सरांनी पटवर्धन मॅडमकडे पाहिलं. त्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. वानखेडे सरांनी हेल्मेट मांडीवर घेतलं.

"मी, सर," शबनम हात वर करून म्हणाली. "प्रथा आहे."