दहाही बोटं

पाळणाघराच्या दारावर बोट टेकवायचं यंत्र बसलं, तेव्हा चोखून चोखून सुरकुतलेला लेकीचा अंगठा ते काही केल्या ओळखेना. "उद्या माझं पोर बाहेरच राहायचं," म्हणत आईने तिची दहाही बोटं नोंदवून घेतली. इतर मुलांचं एकेकच होतं. "ताई, एवढी काळजी बरी नव्हे," तिथल्या बाई हसल्या होत्या. आज त्याच बाई फोनवर चाचरत होत्या. "यंत्रातली ठशांची सगळी माहिती चोरीला गेली हो. तुमच्या खात्याचा तेवढा पासवर्ड बदलून टाका." "आणि बोटं? ती कुठून बदलून आणू? जन्मभर हीच पुरवायचीत तिला." "बाकीच्यांची नऊ तरी उरलीत," बाई पुटपुटल्या. फोन ठेवून आई वळली. लेक अंगठा चोखत होती. ओरडा बसेल म्हणून तिने तो चटकन लपवला. आईने तो हळूच पुसला, उजेडात रेषा पाहिल्या आणि पुन्हा तोंडात दिला. "झिजू दे, बाळा."