व्हर्लिनचा उजवा हात

व्हर्लिन हाउगेनने हात पुढे केला आणि लव्हॉन एंगेनने त्यात आपला कोट ठेवला.

एकतीस वर्षं व्हर्लिन दर रविवारी चर्चच्या दाराशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याशी हात मिळवत होता. कोट सांभाळणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. कोट ज्याने त्याने खुंटीला अडकवायचा. पण लव्हॉन चर्चच्या समितीची अध्यक्ष, ती उगाच काही करत नाही. तिच्यामागून आलेल्या सहा जणांनी हात खिशात घातले. सातव्याने कोट दिला.

व्हर्लिनच्या अंगठ्याजवळ तीन चामखिळी आल्या होत्या.

उत्तर मिनेसोटातली आमची माणसं फार सभ्य. तोंडावर कुणी वाकडं बोलत नाही. उलट प्रत्येकाने उपाय सुचवला. बटाट्याची फोड चोळ आणि ती शेतात पुरून टाक, असं एकजण म्हणाला. दुसरीने लसूण सांगितला. कुणीतरी चामखिळींवर चिकटवायला चंदेरी चिकटपट्टीचं अख्खं भेंडोळं दिलं. दिलं म्हणजे, टेबलाच्या त्या टोकावरून सरकवलं.

व्हर्लिन मुकाट्याने दवाखान्यात गेला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी थंडगार नायट्रोजन मारून चामखिळी गोठवल्या. उणे पंचवीस अंशांत तलावाच्या बर्फाला भोक पाडून मासे धरणारा माणूस तो, पण त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"दर तीन आठवड्यांनी यायचं," बाई म्हणाल्या. "मधल्या दिवसांत रोज कोमट पाण्यात हात भिजवायचा, कानशीने हलकेच घासायचं आणि हे सॅलिसिलिक ॲसिड लावायचं. कानस आणि टॉवेल दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. आणि कुरतडत बसायचं नाही, नाहीतर तुमच्याच दुसऱ्या बोटावर जातील."

"पण मला आल्या कुणाकडून?"

"ते कोण सांगणार! हा विषाणू असतो. कातडीला बारीकशी चीर सापडली की आत शिरतो. चामखीळ दिसायला पुढे महिनेच्या महिने लागतात. कुणाचा तरी हात असेल, नाहीतर कुणाचा तरी टॉवेल."

म्हणजे ज्याने दिल्या तो चर्चच्या त्याच दारातून आत येत असण्याची चांगलीच शक्यता होती. मंडळींनी ती शक्यता शांतपणे ऐकून घेतली आणि तितक्याच शांतपणे सोडून दिली.

समितीची बैठक झाली. गळक्या छपरावर चार मिनिटं चर्चा झाली, चामखिळींवर पन्नास. डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद लव्हॉनने मोठ्याने वाचला. 'संसर्गजन्य' या शब्दाशी तिचा आवाज चढला. पुढच्या ओळीपाशी तिने चष्मा काढून ठेवला. पुढच्या ओळीत लिहिलं होतं, की वर पट्टी लावली असेल तर हात मिळवायला हरकत नाही.

"व्हर्लिन, तुला कुणी काढत नाहीये बरं का," ती म्हणाली. "फक्त तुझ्या हाताला थोडी विश्रांती."

पुढच्या रविवारी त्याला रंगीत कागदात गुंडाळलेले पांढरे हातमोजे मिळाले, वर रिबीन आणि सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड. 'लवकर बरा हो.' सही करायला प्रत्येकाने स्वतःचं पेन आणलं होतं.

मग व्हर्लिन हातमोजे घालून दाराशी उभा राहू लागला. तरीही लोक मान हलवून, नाहीतर कोपर पुढे करून बाजूने सटकत. तो प्रार्थनेनंतरच्या कॉफीला न थांबता घरी जाऊ लागला. बायको विचारायची, "कसं झालं आज?" तो म्हणायचा, "छान. कुणाची तक्रार नाही."

शेवटची चामखीळ जूनमध्ये आपसूक गळून गेली. चर्चमध्ये दुसऱ्या कुणाला एकही आली नाही, आणि त्याबद्दल समितीने स्वतःचं अभिनंदन करून घेतलं. पण हे सगळं पुढचं. मार्चमध्ये, हातमोजे घातल्यापासूनच्या अकराव्या रविवारी, व्हर्लिन खिशात राजीनामा घेऊन आला होता. एकतीस वर्षांबद्दल त्याने तीन ओळी लिहिल्या होत्या. त्यातली एक हवामानाबद्दल होती.

प्रार्थना संपली. तो दाराशी उभा राहिला. लव्हॉन शेजारी येऊन थांबली, कारण राजीनाम्याची कुणकुण तिला लागलीच होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, फार नीट विंचरून बसवलेलं.

"तुझा निर्णय आहे, व्हर्लिन," ती म्हणाली. "आम्ही काही आग्रह केला नाही."

त्याने कागद काढायला खिशात हात घातला, तेवढ्यात समोर अर्डिस क्वामे येऊन उभी राहिली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, तलावापलीकडे एकटी राहायची. वॉकर पुढे ढकलत यायची आणि कुणाशी दोन शब्दांच्या वर बोलायची नाही. मागे कॉफीकडे निघालेली रांग खोळंबली.

"काढ ते," अर्डिस म्हणाली.

"काय?"

"हातमोजा."

"अर्डिसबाई, अजून एक शिल्लक आहे माझी."

"पट्टी लावलीस ना?"

"लावलीय."

"मग झालं तर. यायला महिनेच्या महिने लागतात म्हणे. मी चौऱ्याऐंशीची आहे. येऊ दे सावकाश."

व्हर्लिनने हातमोजा काढला. तिने वॉकर सोडला आणि त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हलवला नाही, नुसता धरून ठेवला. रांगेत कुणीतरी खाकरलं. तिने तरीही सोडला नाही.

"अर्डिसबाई," लव्हॉन हळूच म्हणाली, "समितीचं ठरलंय ना आपलं?"

"लव्हॉन, तुला घरी नवरा आहे," अर्डिस तिच्याकडे न बघता म्हणाली. "माझा नवरा, ओले, गेल्यापासून आख्ख्या आठवड्यात मला एवढ्या एकाच माणसाचा हात लागतो."