मधला दगड

दगड पाच होते: चार चौकोनाच्या कोपऱ्यांना, एक मध्ये, नेमका सीमारेषेवर. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क एक देश झाले, म्हणून सीमेवरचे दगड उपटायचा हुकूम आला होता. मधल्या दगडाखाली जुन्या मोजणीदारांनी खरी जागा कळावी म्हणून खुणेचा कोळसा पुरलेला. दगड त्यापासून किती सरकला, तेही नोंदवायचं होतं. स्वीडनचा राखणदार एवाल्ड मटकन बसला. “दमलास म्हातारबा?” नॉर्वेच्या हाल्वोरने पहार टेकवली. एवाल्ड म्हणाला, “एकतीस वर्षांपूर्वी बर्फाने हा लवंडला होता. मी अंदाजाने बसवला, चुकून तुमच्या हद्दीत. भीतीने बोललो नाही. आता जाता जाता अब्रू जाणार.” “त्याच उन्हाळ्यात माझी कंबर धरली. कशाने, ते तू कधी विचारलं नाहीस.” “लाकडं फोडून ना?” “लाकडं! उचल आता, गाढवा.” दोघांनी दगड कलंडवला. एवाल्डने गुडघे टेकले आणि खड्ड्याच्या मध्यापासून कोळशापर्यंत टेप धरली. अंतर भरलं शून्य सेंटिमीटर.