जुनं तेल

“ते काढलेलं जुनं तेल परत घालता येईल का?” मी विचारलं.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. “साहेब, काजळासारखं काळं झालं होतं ते! रिव्हर्स टाकला की गाडी धाडकन हादरते, म्हणून तुम्हीच माझं डोकं खात होतात ना?”

खरं होतं. शेजारचे काका गेल्यावर काकूंनी त्यांची जुनी ऑटोमॅटिक गाडी मला विकली. फाटकातून मागे घेताना बसणारा तो दणका काकांच्या वेळचाच. तीन दिवसांपूर्वी गिअरबॉक्सचं तेल बदललं आणि गाडी चोरपावलांनी आत शिरली.

काल कुंपणापलीकडून काकूंनी विचारलं, “दोन दिवस गावाला गेला होतास का रे?”

“नाही काकू, इथंच आहे. गाडी नीट झाली. आता दणका बसत नाही.”

“हो का? बरं झालं बाई.” त्यांनी कुंपणावर हात टेकला. “दणका ऐकला की संध्याकाळी मी उठून दाराशी जायचे. तूच असणार, ठाऊक असायचं रे. पण कडी काढेपर्यंत तरी हे आलेले असायचे.”