तिरका दाब

"स्क्रू तूच फिरव," सर म्हणाले. "तुझा हात हलका आहे."

खडा थंड नळकांड्याच्या तळाशी होता. वाटाण्याएवढाही नव्हता. त्याच्यावर टेकलेल्या दांडीचं टोक वर आलं होतं आणि त्या टोकाला पितळी स्क्रू होता. तिने त्यावर बोटं ठेवली, पण फिरवला नाही.

लॅबमध्ये तिला सगळे भट्टीवाली म्हणत. माल वितळवायचा, मुंगीच्या पावलांनी थंड करायचा, निघालेला खडा तपासायचा आणि टाकून द्यायचा, यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आतून वीज अजिबात जाऊ न देणारा आणि पृष्ठभागावरून मात्र सहज वाहू देणारा खडा हवा होता. तिचा नवरा शेजारच्या खोलीत बसून त्याचंच गणित करायचा. त्याचं म्हणणं असं, की अणूंची मांडणी आरशात धरल्यासारखी दोन्ही बाजूंना सारखी आहे, तोवर पृष्ठभागावरची ती वाट बंद होत नाही. सगळी करामत त्या सममितीची. पण गणित भट्टीला कुठे कळतं? प्रत्येक खड्यात कुठे ना कुठे खोट राहायची आणि वीज आतूनही पाझरायची. हा एकच आतून गप्प निघाला होता. त्या दिवशी ती जेवायचं विसरली होती.

आता सरांना पुरावा हवा होता. वाट सममितीमुळेच टिकते असं म्हणायचं, तर सममिती मोडून दाखवायला हवी. तिरका दाब द्यायचा, म्हणजे आरशातली जुळणी बिघडते. मग वीज थांबते का ते बघायचं.

"जास्त दाबला तर तडकेल, सर."

"म्हणून तर तुला सांगतोय. दुसऱ्या कोणाच्या हातून तडकला तर तुलाच जास्त लागेल."

तिने स्क्रू किंचित फिरवला. नवरा पडद्यासमोर बसला होता. खड्यावरून वाहणारी वीज दाखवणारी पडद्यावरची रेघ कललेली तिला तिथूनही दिसली.

"उतरतेय," नवरा म्हणाला.

तिने आणखी जरासा फिरवला. रेघ निम्म्यावर आली. तिथे ती थांबली आणि अलगद स्क्रू उलटा फिरवला. रेघ हळूहळू चढली आणि पहिल्या जागी जाऊन बसली.

मग तिलाच हसू आलं. "झालं की, सर. जुळणी बिघडवली तर वीज कमी होते, पुन्हा जुळली की परत येते. यापेक्षा पक्कं काय हवं? आणि खडाही शाबूत आहे."

"छान," सर म्हणाले. "आता पुन्हा. शून्यापर्यंत."

तिने नवऱ्याकडे बघितलं. "एवढं पुरे आहे ना रे? सांग ना सरांना."

नवऱ्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "पुरेसं आहे तसं. पण शून्य दिसलं तर कोणाला बोलायला जागा राहणार नाही."

"ऐकलंस?" सर म्हणाले.

तिने स्क्रूला हात लावला नाही. सरांनी घाई केली नाही. स्टूल ओढून ते तिच्याजवळ बसले, लहान मुलाचा अभ्यास घ्यायला बसावं तसे.

तिने स्क्रू फिरवला. रेघ निम्म्यावर आली, मग आणखी खाली. "चालू दे," सर मऊ आवाजात म्हणत राहिले. "चालू दे." रेघ तळाला टेकली आणि सपाट झाली. नवऱ्याने टेबलावर मूठ आपटली. त्याच क्षणी तिच्या बोटांना खाली काहीतरी सुटल्यासारखं लागलं. खडा तडकल्याचं पडद्यावर दिसण्याआधीच तिला कळलं होतं. मग रेघ वेड्यासारखी वरखाली नाचू लागली.

"मिळालं तेवढं पुरे," सर म्हणाले. "पुढचं कापून टाक."

नवऱ्याने मान डोलावली.

सर उठले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. दुसरा वाढवशील. भट्टी तुझीच आहे." दाराशी ते थांबले. "आणि हो, तिकडे कळवून टाक. त्यांनी तुला खड्यासकट बोलावलं होतं ना? आता रिकाम्या हाताने जाणं बरं दिसणार नाही."

दार लागलं.

दुसऱ्या लॅबचं बोलावणं तिने एकाच माणसाला सांगितलं होतं. घरात, ओट्यापाशी, कुणी ऐकायला नसतानाही हळू आवाजात.

"तू सांगितलंस?"

नवरा पडद्यावरची नाचरी रेघ कापत होता. त्याने मान वर केली नाही. "त्यांनी सरळच विचारलं. तोंडावर खोटं कसं बोलणार?"

तिने स्क्रूवरची बोटं काढून घेतली.

"आणि तू गेली असतीस, तर माझ्या गणिताला खडे कोणी दिले असते? त्याचा विचार केलास का कधी?" तो रागावला नव्हता. खरंच विचारत होता. मग त्याने खुर्ची थोडी बाजूला सरकवून तिला जागा करून दिली. "ये इकडे. बघ तरी, किती स्वच्छ उतरलीये."

ती त्याच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली. रेघ खरंच स्वच्छ उतरली होती.